बार्शीची नोंदवही आणि आपल्या गटाची वही

गटांच्या बैठकांना आम्ही गावोगाव जातो, तेव्हा एक प्रश्न हमखास कानावर येतो. बैठक संपल्यावर, चपला घालताना, हळू आवाजात कोणीतरी विचारतं, "ताई, कॅन्सर निघाला म्हणजे संपलंच ना सगळं?" आज या प्रश्नाचं उत्तर आपण आपल्याच भागाच्या इतिहासात शोधू या.

आपल्या आज्यांच्या काळी या आजाराचं नावही कोणी घेत नसे. 'वाईट गाठ' किंवा 'नशिबाचे भोग' म्हणून विषय मिटवायचा. त्या काळातही उपचार नव्हते असं नाही. मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालं होतं. पण आपल्याकडच्या बाईला तिथं पोचायचं तर सोबत माणूस हवा, हातात पैसा हवा, राहायला जागा हवी. मागं घरी गुरं, पोरं आणि सुगी. पुढं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणांनी हजारो रुग्णांच्या डोक्यावर छप्पर दिलं. तरी कितीतरी बाया आजाराचं नाव कळल्यावर घरी परतल्या आणि पुन्हा दवाखान्याची पायरी चढल्याच नाहीत. दवाखाना असणं आणि बाईनं तो शेवटपर्यंत गाठणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे अंतर कसं कमी करायचं याचा एक धडा आपल्याच जिल्ह्यानं दिला. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. त्यांनी गावानं निवडलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, काही दलित वस्तीतल्या होत्या. बाळंतपण, लसीकरण, स्वच्छ पाणी ही कामं तर त्यांनी केलीच, शिवाय कुष्ठरोगाची भीतीही कमी केली. ज्या आजाराच्या माणसाला गाव वेशीबाहेर ठेवायचं, त्याच्यावर गावातच उपचार होऊ लागले. एक साधी गोष्ट त्यातून दिसली. आजाराची लाज औषधानं जात नाही. गावातलंच कोणीतरी त्या घरी जाऊन बसलं, चहा प्यायलं, की ती कमी होते.

जामखेडहून खर्ड्याच्या पुढं गेलं की भूम तालुका लागतो. तिकडं परंडा, आणि त्याच्या पुढं सोलापूर जिल्ह्यातली बार्शी. अभिनेत्री नर्गिस दत्त 1981 साली कॅन्सरनं गेल्या. त्यांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय बार्शीत उभं राहिलं. तिथं 1987 साली बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या 346 गावांसाठी कॅन्सरची नोंदवही सुरू झाली. खेड्यांसाठीची देशातली ही पहिली नोंदवही. त्याआधी मुंबईसारख्या शहरांतल्या रुग्णांचीच मोजदाद व्हायची.

ही नोंद टेबलाशी बसून होणारी नव्हती. गावात दाखला न लिहिताच कितीतरी मरणं होत. म्हणून कर्मचारी गावोगाव फिरत. शिक्षक, आरोग्य कर्मचारी, गावातली जाणती माणसं यांना भेटत. कोणाला गाठ आहे, कोणाच्या अंगावरून अवेळी जातं, कोणाच्या तोंडातली जखम भरत नाही, हे विचारत आणि तपासायला या म्हणून समजावत. आधी नोंद झालेल्या बाईची पुढं खबर घ्यायलाही ते घरापर्यंत जात. काही वर्षांनी त्याचा परिणाम दिसला. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर असलेल्या बाया पूर्वीपेक्षा लवकर दवाखान्यात येऊ लागल्या आणि जास्त वर्षं जगू लागल्या. 1995 आणि 1996 साली हे शास्त्रीय मासिकांत छापून आलं. नवं औषध आलं म्हणून हे झालं नव्हतं. कोणीतरी विचारायला येत होतं, म्हणून झालं होतं.

पुढं 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचा मोठा अभ्यास झाला. काही गावांत गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी केली, काही गावांत फक्त माहिती दिली. 2009 साली निष्कर्ष आला. या कॅन्सरला कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच केली, तरी मृत्यू जवळपास निम्म्यानं कमी झाले. ज्या गावांत तपासणी केली नव्हती, तिथल्या बायकांना ती का दिली नाही, असा प्रश्न पुढं विचारला गेला, आणि तो रास्त आहे. आज आपण 'तपासणीनं जीव वाचतो' असं ठामपणे म्हणतो, त्यामागं त्या बायकांचेही जीव आहेत. म्हणून तपासणीला जायला कंटाळू नका.

आता निदान झाल्यानंतरचं बोलू. उपचार एका दिवसाचे नसतात. किरणांचे उपचार आठवड्याला पाच दिवस, असे कित्येक आठवडे चालतात. केमोला ठरल्या तारखेला जावं लागतं. पैशासाठी 2012 साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी ती आपल्या जिल्ह्यासह राज्यभर लागू झाली. 2017 पासून तिचं नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्यात कॅन्सरचे उपचार येतात. एसटी आणि रेल्वेच्या भाड्यातही सवलत आहे. तरी बाया मध्येच थांबतात. केस गेले म्हणून लाज वाटते. हळदीकुंकवाला बोलावणं येत नाही. ताट-तांब्या वेगळा होतो. हप्ता थकला म्हणून ती बैठकीला यायची थांबते.

मैत्रिणींनो, कॅन्सर एका ताटात जेवल्यानं, शेजारी झोपल्यानं किंवा लुगडं धुतल्यानं लागत नाही. ही गोष्ट प्रत्येक बैठकीत मोठ्यानं सांगा.

आणि आपल्याकडं वही आहेच. दर महिन्याला आपण प्रत्येकीचं नाव घेऊन हजेरी लावतो. त्याच वहीत, त्या बहिणीची परवानगी असेल तर, तिची पुढची तारीख लिहा. त्या दिवशी सोबत कोण जाणार ते ठरवा. तिच्या घरचं दूध कोण काढेल, पोरांची भाकरी कोण थापेल, तेही ठरवा. तिच्या हप्त्याला मुदतवाढ देण्याचा ठराव करा, म्हणजे ती उपकाराखाली राहणार नाही. रेशनकार्ड, आधार आणि तपासणीचे कागद एका पिशवीत ठेवायला मदत करा. आणि ती बोलली तर ऐका. "देवाची मर्जी" म्हणून तिचं बोलणं तोडू नका.

सगळ्याच वाचतात असं आम्ही म्हणणार नाही. काही उशिरा पोचतात, काहींचा आजार औषधाला दाद देत नाही. त्यांचं दुखणं कमी करणारे उपचारही असतात, तेही मागायचे. पण "संपलंच ना सगळं?" याचं उत्तर बार्शीच्या नोंदवहीनं कधीच दिलं आहे. लवकर पोचलेली आणि कोणीतरी पाठपुरावा केलेली बाई जगते, कित्येक वर्षं जगते.

पुढच्या बैठकीत हजेरी घेताना जिचं नाव आलं आणि ती आली नाही, तिच्या घरी त्याच संध्याकाळी जा.