चुन्याच्या भट्टीचा हिशेब

आज येडशीत आपण रासायनिक अभिक्रियेतल्या उष्णतेबद्दल बोलणार आहोत. सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या नळदुर्गापासून करू. बोरी नदीवरचा बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. तिथं गेलं की आपल्याला काळा दगड दिसतो. दगडाला दगड धरून ठेवणारा चुना मात्र आपण बघतच नाही.

हा चुना येतो कसा? भट्टीत चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी टाकलं की तो फसफसतो, चटका बसेल इतका तापतो. ही आग आली कुठून? जुन्या युरोपातल्या विद्वानांना वाटे, भट्टीतला अग्नीच चुन्यात शिरून बसतो. १७५६ साली स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकनं तराजू हाती घेतला आणि दाखवलं, की भाजलेली चुनखडी उलट हलकी होते. तिच्यात काही शिरत नाही, तिच्यातून वायू निघून जातो.

मग उष्णतेचं काय? १८४० साली रशियात हेस यानं नियम मांडला: वाट कुठलीही असो, सुरुवात आणि शेवट तेच असतील तर उष्णतेची एकूण बेरीज तीच. आता चुन्याचा हिशेब मांडू. १०० ग्रॅम चुनखडी भाजायला सुमारे १७८ किलोज्यूल लागतात. पाणी टाकताना ६५ परत मिळतात. पुढं भिंतीतला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा घेतो, त्यात ११३ मिळतात. पासष्ट अधिक एकशे तेरा, एकशे अठ्ठ्याहत्तर! चुनखडीची पुन्हा चुनखडी झाली, खातं चुकतं झालं.

पण खरंच झालं का? इथंच आपण थांबायला हवं. परत आलेली उष्णता घमेल्यातून, भिंतीतून, वर्षानुवर्षे वाऱ्यावर गेली. तिच्यावर दुसरी भट्टी पेटत नाही. भट्टीत गेलेला लाकूडफाटाही परत येत नाही. उष्णता नष्ट होत नाही हे खरं, पण ती कामाची उरत नाही, हेही तितकंच खरं.

किल्ल्याच्या इतिहासात आपण सुलतान मोजतो, तोफा मोजतो. जळलेलं सरपण कुणी मोजत नाही. परत जाताना रामलिंगच्या घाटातली झाडं जरा या नजरेनं बघू या.