माहेरच्या घराचा कारभार

ज्या विद्यालयाने आपल्याला घडविले त्याला पाश्चात्त्य लोक ‘आल्मा मातेर’ म्हणतात. या लॅटिन शब्दांचा अर्थ पोषण करणारी माता. मराठीत आपण ‘मातृसंस्था’ म्हणतो. मातेकडे लेकरू परतते ते बहुधा पाहुणे म्हणून; सणासुदीला यावे, जुन्या भिंती डोळे भरून पाहाव्यात आणि निघावे. परंतु माहेरी परतलेल्या लेकीच्याच हाती घराच्या किल्ल्या दिल्या गेल्या तर? अशा एका लेकीची कथा आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. ती दूरदेशीची असली तरी ज्या अंगणात घडली ते अंगण आपल्या श्रद्धेला परके नाही.

अमेरिकेतील इंडियाना राज्यात, साउथ बेंड गावालगत, होली क्रॉस संघाचे फ्रेंच धर्मगुरू फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली एका तळ्याकाठी विद्यालय स्थापन केले. पवित्र मरियेच्या नावे त्यांनी त्याला ‘नोत्र दाम द्यु लाक’, म्हणजे ‘सरोवराची आमची माता’, असे नाव दिले. आज ते नोटर डेम विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. त्याच्या सोनेरी घुमटावर मरियामातेची मूर्ती उभी आहे आणि १८९६ साली बांधलेल्या लूर्दच्या गुहेच्या प्रतिकृतीपाशी विद्यार्थी मेणबत्त्या लावतात.

मातेच्या नावाने उभ्या राहिलेल्या या घराचे दार लेकींना मात्र फार उशिरा उघडले. कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला पहिला प्रवेश १९४४ साली मिळाला. पदवी अभ्यासक्रमासाठी मुलींना प्रवेश मिळायला १९७२ साल उजाडावे लागले. म्हणजे स्थापनेनंतर तब्बल १३० वर्षे! विद्यापीठाचा अधिकृत महिला बास्केटबॉल संघ त्यानंतरही पाच वर्षांनी, १९७७-७८ च्या हंगामात उभा राहिला. आमच्या कथेची नायिका नीएल आयव्ही हिचा जन्म १९७७ चाच.

सेंट लुइस शहरात वाढलेली नीएल तेथील कोर जेसू अकादमी या कॅथलिक कन्याशाळेत शिकली आणि १९९६ साली नोटर डेमला आली. पहिल्याच हंगामात तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया, महिनोन्महिने व्यायाम, मग पुन्हा मैदान. १९९९ साली तीच दुखापत पुन्हा झाली. दोनदा पडलेल्या खेळाडूने खेळ सोडला असता तर कोणी नावे ठेवली नसती. नीएलने सोडला नाही. प्रशिक्षिका मफेट मॅकग्रॉ यांच्या संघाची ती सूत्रधार झाली. चेंडू पुढे नेणे, डाव मांडणे आणि चेंडू योग्य हाती देणे हे तिचे काम.

१ एप्रिल २००१ रोजी राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना झाला तो योगायोगाने तिच्याच सेंट लुइस शहरात. पर्ड्यू विद्यापीठाविरुद्ध गुणसंख्या बरोबरीत असताना, अखेरचे काही क्षण उरले असता, उंचपुऱ्या रूथ रायलीने दोन फ्री थ्रो अचूक टाकले आणि नोटर डेमने ६८-६६ अशी बाजी मारली. महिला संघाचे ते पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद होते.

पुढे नीएल आयव्ही काही वर्षे व्यावसायिक संघांतून खेळल्या. २००२ साली त्यांचा मुलगा जेडन जन्मला. २००७ साली त्या मॅकग्रॉबाईंच्या साहाय्यक म्हणून मातृसंस्थेत परतल्या आणि तेथे बारा वर्षे राहिल्या. एका हाताने मुलाला वाढवावे आणि दुसऱ्या हाताने परक्यांच्या मुलींना घडवावे, असा तो काळ. (तोच जेडन पुढे पर्ड्यूकडून खेळला आणि २०२२ साली व्यावसायिक संघात निवडला गेला.) या बारा वर्षांत नोटर डेमने सात वेळा राष्ट्रीय स्पर्धेच्या अखेरच्या चार संघांत स्थान मिळविले. १ एप्रिल २०१८ रोजी, पहिल्या विजयानंतर बरोबर सतरा वर्षांनी, अरिके ओगुनबोवालेने अखेरच्या क्षणी टाकलेल्या चेंडूने मिसिसिपी स्टेटवर ६१-५८ असा विजय मिळवून दिला. तो दिवस पुनरुत्थानाच्या सणाचा होता.

येथे एका विसंगतीकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांला अगत्याचे वाटते. अमेरिकेत १९७२ साली ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला आणि शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी मिळाली. मैदानावर मुलींची संख्या कितीतरी पटींनी वाढली. परंतु त्यापूर्वी महाविद्यालयीन महिला संघांच्या प्रशिक्षकांत शेकडा ९० हून अधिक स्त्रिया होत्या. पुढे ते प्रमाण निम्म्याच्याही खाली गेले. पदांना प्रतिष्ठा आणि पैसा आला, तसे पुरुष त्यांकडे वळले. खेळणाऱ्या मुली वाढल्या, शिकविणाऱ्या स्त्रियांचा वाटा घटला. म्हणूनच मॅकग्रॉबाईंनी आपल्या साहाय्यक म्हणून स्त्रियाच निवडल्या आणि २०१९ साली त्याचे जाहीर समर्थन केले. त्यावर टीकाही झाली. परंतु त्यांच्यामागे कोण, हा प्रश्न आला तेव्हा उत्तर तयार होते.

२२ एप्रिल २०२० रोजी मॅकग्रॉबाई ३३ वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाल्या आणि त्याच दिवशी आयव्हीबाईंची नियुक्ती जाहीर झाली. आदले वर्ष त्यांनी मेम्फिसच्या व्यावसायिक पुरुष संघाच्या साहाय्यक प्रशिक्षिका म्हणून काढले होते. नोटर डेमच्या महिला बास्केटबॉल संघाचे प्रमुखपद भूषविणारी ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

वारसा मोठा, पण घर तेव्हा पडते होते. सरत्या हंगामात संघाने १३ सामने जिंकले व १८ गमावले होते; वर महामारीचे संकट. आयव्हीबाईंच्या पहिल्या हंगामात १० विजय आणि १० पराभव झाले व राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेशही मिळाला नाही. थोर गुरूच्या जागी बसणाऱ्या शिष्येची तुलना पावलोपावली होते. या तुलनेला त्यांनी कामाने उत्तर दिले. पुढच्या हंगामात २४ विजय; २०२३ साली अटलांटिक कोस्ट परिषदेच्या साखळीत प्रथम स्थान व सर्वोत्तम प्रशिक्षिकेचा मान; २०२४ साली परिषदेच्या स्पर्धेचे विजेतेपद; आणि २०२२ ते २०२५ सलग चार वर्षे राष्ट्रीय स्पर्धेच्या अखेरच्या सोळा संघांत स्थान.

आकड्यांहून आम्हांला एक प्रसंग मोलाचा वाटतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये संघाची सूत्रधार ऑलिव्हिया माइल्स हिचा गुडघा दुखावला आणि पुढचा संपूर्ण हंगाम तिला बाहेर बसावे लागले. तीच जागा, तेच दुखणे! दोनदा त्या वाटेने गेलेली स्त्री समोर उभी असणे, हा आधार कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात सापडत नाही. माइल्स पुन्हा खेळली, उत्तम खेळली, आणि २०२५ साली टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाच्या संघात निघून गेली. त्याच संघाने काही आठवड्यांपूर्वी नोटर डेमला स्पर्धेबाहेर काढले होते.

आम्ही तिला दोष देत नाही. विद्यापीठ बदलण्याची मोकळीक आजच्या खेळाडूंना आहे, आणि आपले हित पाहण्याचा हक्कही आहे. परंतु दोन दुखापती सोसून पाच वर्षे एकाच अंगणात राहिलेल्या प्रशिक्षिकेला आता अशा पिढीला घडवायचे आहे, जिचा पाय त्या अंगणात किती दिवस राहील याची शाश्वती नाही. मातेचे कर्तव्य कदाचित हेच असावे. लेकरू परतेल की नाही याचा हिशेब न मांडता तिने पोषण करायचे असते. कधीतरी एखादी लेक परतते आणि मग त्या घराचा दिवा तिच्या हाती येतो.