गाणे शोधणाऱ्याचे काम

यवतमाळसारख्या जिल्ह्यात रॉक संगीत का रुजले नाही, या प्रश्नाला एक ठरलेले उत्तर मिळते. कापसाचा मुलूख, शेतकऱ्यांची मुले, इंग्रजीचा धाक; इथे विजेच्या गिटारचा कल्लोळ कोणाला हवा आहे? या उत्तरात आवड आधी येते आणि संगीत तिच्या मागून. इतिहास तपासला तर क्रम उलटा दिसतो. कोणतेही नवे संगीत ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचते ते कोणीतरी त्याचा शोध घेणे हे आपले काम मानले म्हणून, आणि त्या कामासाठी एखाद्या संस्थेने जागा, वेळ व नियम करून दिला म्हणून. आवड त्यानंतर तयार होते. यवतमाळच्या तरुणांना उणे पडले ते हे काम करणारे माणूस आणि त्याला बसायला लागणारी जागा. महाविद्यालयीन रेडिओ ही तशी जागा होऊ शकते. तिचे मोल कळण्यासाठी आधी थोडे दूर जावे लागेल.

अमेरिकेच्या वायव्य टोकाला ऑलिंपिया नावाचे गाव आहे. वॉशिंग्टन राज्याची राजधानी असली तरी ते लहानच. तिथल्या एव्हरग्रीन स्टेट कॉलेजमधून १९७० च्या दशकात केएओएस हे विद्यार्थ्यांचे रेडिओ केंद्र सुरू झाले. जॉन फॉस्टर तिथे संगीताचे काम पाहत होते तेव्हा त्या केंद्राने एक विलक्षण नियम घालून घेतला: वाजवल्या जाणाऱ्या संगीतापैकी ८० टक्के संगीत मोठ्या कंपन्यांच्या बाहेर निघालेले असले पाहिजे. हा नियम झाला तेव्हा असे संगीत हाताशी तयार नव्हते. निवेदकांना छोट्या प्रकाशकांना पत्रे लिहावी लागली, घरगुती कॅसेट मागवाव्या लागल्या, परिसरातल्या बँडना बोलावून घ्यावे लागले. याच केंद्रावर ब्रूस पॅव्हिट कार्यक्रम करत असत. पुढे त्यांनी सिॲटलमध्ये सब पॉप ही कंपनी उभी केली आणि तिनेच १९८८ मध्ये निर्वाणा या बँडची पहिली तबकडी काढली. १९९१ नंतर ऑल्टरनेटिव्ह रॉक म्हणून जगभर जे विकले गेले, त्याची एक मुळी अशी या लहान गावातल्या विद्यार्थी केंद्रात सापडते. ऑलिंपियाच्या श्रोत्यांची अभिरुची जन्मतःच निराळी होती असे म्हणायला काहीच आधार नाही. निराळा होता तो नियम, आणि त्या नियमामुळे शोधायला भाग पडलेली माणसे.

आपल्याकडे नियम झाले ते उलट्या दिशेने. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व प्रसारण मंत्री झाले. ते संगीताचे जाणकार होते आणि चित्रपटसंगीताने लोकांची रुची बिघडते असे त्यांचे प्रामाणिक मत होते. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. काय वाजवायचे नाही हे ठरले. त्या रिकाम्या जागी तरुणांना हवेसे वाटेल असे नवे काय शोधायचे, हे मात्र त्याच जोमाने ठरले नाही. श्रोत्यांनी वाट पाहिली नाही. रेडिओ सिलोनचे शक्तिशाली शॉर्टवेव्ह प्रक्षेपण सबंध देशात ऐकू येत होते, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथे अमीन सयानी यांची बिनाका गीतमाला सुरू झाली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. या प्रकरणातून सहसा एवढाच निष्कर्ष काढतात की लोकांवर आवड लादता येत नाही. मला त्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. फर्माइशींच्या यादीत ज्या गावाचे नाव घरोघरी पोहोचले ते झुमरी तलैया, म्हणजे आजच्या झारखंडातले अभ्रकाच्या खाणींचे गाव. ऐकण्याची भूक महानगरातच असते या समजाला त्या गावाने पोस्टकार्डांनी उत्तर दिले होते.

केसकरांच्या बाजूने बोलणारा म्हणेल की त्यांच्याच काळात आकाशवाणीने सुगम संगीताला आश्रय दिला आणि मराठी भावगीताला त्याचा मोठा लाभ झाला. हे खरे आहे आणि ते मान्य केलेच पाहिजे. पण त्या काळातले सर्वांत मोठे उदाहरण कसे घडले ते पाहा. पुणे केंद्रावर सीताकांत लाड हे कार्यक्रमाची जबाबदारी सांभाळत होते. नव्या केंद्रासाठी काही नवे हवे म्हणून ते ग. दि. माडगूळकरांकडे गेले. त्यातून गीतरामायण उभे राहिले: १९५५ च्या एप्रिलपासून सुमारे वर्षभर, दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते, सुधीर फडके यांच्या चालींत. ही गीते बाजारात नव्हती, कोणी त्यांची फर्माइश केली नव्हती, ती ऐकण्याची आवड आधी असणे शक्यच नव्हते. एका अधिकाऱ्याने मागणी केली, दर आठवड्याची ठरावीक वेळ दिली, आणि महाराष्ट्राची आवड तयार झाली. हेच माडगूळकर १९७३ मध्ये यवतमाळला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. पुण्याच्या एका स्टुडिओतून सुरू झालेला तो प्रवाह तोवर विदर्भाच्या या टोकालाही आपला वाटत होता. रॉकच्या चर्चेत गीतरामायण कशाला, असे कोणाला वाटेल. प्रसारणाच्या अंगाने पाहिले तर दोन्हींचा प्रश्न एकच आहे: अजून कोणी न ऐकलेले गाणे हवेवर आणण्याची जबाबदारी कोणाची?

आकाशवाणीने ही जबाबदारी तरुणांवर टाकण्याचा एक प्रयत्न केला, त्याचे नाव युववाणी. २१ जुलै १९६९ रोजी दिल्लीहून ती सुरू झाली आणि हळूहळू इतर केंद्रांवरही त्या नावाचे कार्यक्रम आले. तरुणांनी तरुणांसाठी बोलावे, वाचावे, वाजवावे अशी ती कल्पना. दिल्लीत तिच्यातून पाश्चात्त्य संगीतही ऐकू येई. वेळ जुळून आली होती, कारण नेमक्या त्याच वर्षांत भारतीय रॉक आकार घेत होते. सिगारेट कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या सिमला बीट स्पर्धेतल्या निवडक बँडच्या तबकड्या १९७० आणि १९७१ मध्ये निघाल्या. मुंबईत ॲटॉमिक फॉरेस्टसारखा बँड वाजवत होता. पण या तबकड्या थोड्या निघाल्या, थोड्याच ठिकाणी विकल्या गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. कित्येक वर्षांनी परदेशी संग्राहकांनी त्या धुंडाळून पुन्हा बाजारात आणल्या, तेव्हा आपल्यालाच आपल्या बँडची नावे नव्याने कळली. आकाशवाणीकडे ध्वनिमुद्रणांचा प्रचंड साठा होता, देशभर केंद्रे होती. नागपूरचे केंद्र तर १९४८ च्या जुलैपासून चालू होते आणि त्याचा आवाज यवतमाळच्या घराघरांत होता. या यंत्रणेने आपल्याच देशातल्या तरुण बँडचे संगीत पद्धतशीरपणे जमवले असते, तर ते परदेशातून परत येण्याची पाळी आली नसती.

१९८० च्या दशकात कॅसेटने चित्र पालटले. ध्वनिमुद्रण स्वस्त झाले, नक्कल त्याहून स्वस्त. एका मोठ्या कंपनीच्या हातात असलेला बाजार फुटला आणि भीमगीते, लोकगीते, बोलीभाषांतली गाणी बसस्थानकाजवळच्या टपऱ्यांवर आली. इंग्रजी रॉकचेही तसेच. मुंबईच्या रॉक मशीनची ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ १९८८ मध्ये निघाली. हाच बँड पुढे इंडस क्रीड झाला. मुंबईच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरू लागला. इथे आक्षेप येईल की हे सगळे मुंबईचे. त्यात यवतमाळचा काय संबंध? या आक्षेपाचे उत्तर अलाहाबादेत आहे. भारतीय रॉकला बांधून ठेवणारे मासिक, ‘रॉक स्ट्रीट जर्नल’, १९९३ मध्ये अमित सैगल यांनी अलाहाबादेतून काढले. मुंबई, दिल्ली, बंगळुरू, कोलकाता यांपैकी कोणत्याही शहरातून ते निघाले नाही. गंगाकाठच्या त्या विद्यापीठाच्या गावातून देशभरच्या बँडच्या बातम्या आणि पुढे त्यांच्या गाण्यांचे संग्रहही वाचकांपर्यंत जाऊ लागले. छोट्या गावाला या संगीताची ओढ नसती तर हे घडते ना. तिथे एक माणूस शोध घेत बसला, एवढे कारण त्याला पुरले. वृत्तपत्रांच्या बाबतीत यवतमाळलाही हे नवे नाही. ‘लोकमत’ हे नाव बापूजी अणे यांच्या काळापासून याच गावाशी जोडलेले आहे. केंद्रापासून दूर बसून सबंध प्रदेशासाठी काही काढण्याची परंपरा इथे आहे.

१९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सांगितले. त्यानंतर सात वर्षांनी, २००२ च्या अखेरीस, शिक्षणसंस्थांना स्वतःचे रेडिओ केंद्र चालवण्याची मुभा मिळाली आणि २००६ मध्ये ती स्वयंसेवी संस्थांनाही मिळाली. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे अण्णा एफएम १ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झाले. पुण्यात विद्यापीठाची विद्यावाणी आली, मुंबई विद्यापीठाचे मस्ट रेडिओ आले. परवाना साधारण १०० वॉटचा, पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा. यवतमाळ शहर आणि भोवतालची गावे त्यात सहज बसतात. या धोरणात एक कलम असे आहे की निम्मा कार्यक्रम केंद्राने स्थानिक पातळीवर, स्वतः तयार केलेला असावा. मला हे कलम ऑलिंपियाच्या ८० टक्क्यांच्या नियमाचे भावंड वाटते, आणि त्याच्याकडे जेवढे लक्ष जायला हवे तेवढे गेलेले नाही. बोलण्याचे कार्यक्रम, मुलाखती, आरोग्याच्या सूचना यांनी निम्मा वेळ भरता येतो आणि उरलेल्या वेळात चित्रपटगीते लावता येतात. नियम पाळला जातो, शोध मात्र घडत नाही.

चित्रपटगीते लावण्यामागे कारण दिले जाते ते हक्कांचे. कोणतेही गाणे वाजवायचे तर त्याचे पैसे भरा, आणि विद्यार्थी केंद्राकडे पैसे कुठले? या अडचणीचा इतिहास मोठा आहे. खासगी एफएम कंपन्या आणि ध्वनिमुद्रण कंपन्या यांचा दरांवरून चाललेला वाद वर्षानुवर्षे कॉपीराइट मंडळापुढे आणि न्यायालयांपुढे राहिला. २०१० मध्ये मंडळाने जाहिरातींच्या निव्वळ उत्पन्नाच्या दोन टक्के हा दर ठरवला आणि २०१२ च्या दुरुस्तीने प्रसारकांसाठी कायद्यात ३१ड हे कलम आले. पण ही अडचण नेमकी कोणत्या संगीताची आहे? मोठ्या कंपन्यांच्या मालकीच्या. जो बँड स्वतःचे गाणे स्वतः मुद्रित करतो आणि हक्क स्वतःकडे ठेवतो, तो एका पत्राने विद्यार्थी केंद्राला परवानगी देऊ शकतो, आणि बहुतेकदा आनंदाने देईल, कारण त्याला ऐकणारे हवे आहेत. म्हणजे ज्या संगीताला ‘आपल्याकडे चालणार नाही’ म्हणून बाजूला ठेवले जाते, तेच गरीब केंद्राला सर्वांत परवडणारे आणि कायद्याने सर्वांत निर्धोक आहे. चार पत्रे लिहिण्याचे कष्ट मात्र घ्यावे लागतात.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे आणि तो जिव्हाळ्यातून येतो. यवतमाळ जिल्ह्यात पुसद-दिग्रस-दारव्हा पट्ट्यात बंजारा तांड्यांवर होळीला लेंगी गायली जाते. केळापूर, मारेगाव, झरी जामणीकडे कोलाम आणि गोंड वस्त्यांत दिवाळीच्या सुमारास दंडार रंगते. गोंडांच्या देवांच्या आणि पूर्वजांच्या कथा परधान गायक किंगरीवर गातात. हे ऐकायला कोणी नसताना सिॲटलचे किंवा मुंबईचे गिटारवादन शोधत बसायचे का? या प्रश्नामागची तळमळ मला पूर्ण पटते. त्यातून निघणारा निष्कर्ष पटत नाही, कारण तो या दोन संगीतांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानतो. रेडिओच्या दृष्टीने ती एकाच बाजूला आहेत. दोन्ही चित्रपटगीतांच्या बाजाराबाहेर आहेत, दोन्ही दुकानात आयती मिळत नाहीत, दोन्हींसाठी माणसाला भेटावे लागते, त्याची संमती घ्यावी लागते, ध्वनिमुद्रण नीट करावे लागते, गाणे कोणाचे आणि कुठले हे श्रोत्याला सांगावे लागते. जो विद्यार्थी पुण्याच्या बँडला पत्र लिहायला शिकतो तोच पांढरकवड्याच्या पुढे जाऊन किंगरीवाल्या परधानासमोर यंत्र ठेवताना त्याला काय विचारायचे, त्याचे नाव कसे नोंदवायचे, त्याला मोबदला कसा द्यायचा हे जाणतो. दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडने ‘कंदिसा’ आणि ‘मा रेवा’ यांत दूरच्या प्रार्थनेला आणि नर्मदेकाठच्या गाण्याला रॉकच्या साजात बसवले, ते या दोन वाटा वेगळ्या न मानल्यामुळेच. ऐकण्याची सवय एका बाजूने रुंदावली की दुसऱ्या बाजूनेही रुंदावते.

आता सगळे संगीत फोनवर आहे, मग शोधायचे काय उरले, असेही म्हटले जाते. फोनवरची यादी बहुतेक वेळा ऐकणाऱ्याने आधी जे ऐकले त्याच्यासारखेच पुढे ठेवते. पुसदच्या मुलाने कधीच न मागितलेले गाणे त्याच्यापुढे ठेवून, ते का ऐकावे हे त्याच्याच वऱ्हाडीत सांगणारा निवेदक त्या यादीत नाही. शिवाय परधानांच्या गायनातले किती फोनवर चढले आहे? जे कोणी मुद्रितच केले नाही ते कोणतेही यंत्र शोधून देणार नाही.

२८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतल्या ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत यवतमाळचे नाव आहे. या वाहिन्या आल्या की त्या जाहिरातींवर चालतील, आणि जाहिरातदाराला हवी असलेली चित्रपटगीते वाजवतील. त्यांच्याकडून याहून वेगळे मागणे अन्यायाचे ठरेल. वेगळे मागायचे ते शिक्षणसंस्थांकडे. अमरावती विद्यापीठाशी जोडलेली महाविद्यालये या जिल्ह्यात तालुक्या-तालुक्याला आहेत, त्यांना सामुदायिक रेडिओचा परवाना मागण्याचा हक्क आहे, आणि हा परवाना लिलावाने विकत घ्यावा लागत नाही. अर्जात कार्यक्रमांची रूपरेषा देताना एक ओळ जास्त लिहावी: आठवड्यातले अमुक तास, कोणत्याही मोठ्या कंपनीच्या मालकीचे नसलेले संगीत, विद्यार्थ्यांनी स्वतः शोधून आणलेले, आणि प्रत्येक गाण्याच्या संमतिपत्राची नोंद केंद्राच्या वहीत.