उतारू नाही, बॅग आहे

दहावीचा पेपर संपला की पर्यवेक्षक आधी काय करतात? उत्तरपत्रिका मोजून हजेरीशी मेळ घालतात. एक जरी कमी-जास्त भरली तरी गठ्ठा बांधत नाहीत. वणी-पुसदच्या परीक्षाकेंद्रांवर आपण बिनखर्चाने करतो तेवढी तपासणी १९८५ साली कॅनडात झाली असती, तर ३२९ माणसे वाचू शकली असती.

२२ जून १९८५. व्हँकूव्हरच्या विमानतळावर एका उतारूने बॅग नोंदवली, पण तो स्वतः विमानात चढलाच नाही. बॅग टोरांटोला पोचली आणि एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानात चढली. हे विमान लंडन-दिल्लीमार्गे मुंबईला यायचे होते. टोरांटोतले क्ष-किरण यंत्र त्या दिवशी मध्येच बंद पडले. उरलेल्या बॅगा हातात धरायच्या स्फोटकशोधकाने तपासल्या. २३ जूनला आयर्लंडजवळ समुद्रावर विमानात स्फोट झाला. कोणीही वाचले नाही.

यंत्र बिघडले होते, हे खरे. पण उतारूंची यादी आणि बॅगांचे क्रमांक ताडून पाहायला यंत्र कशाला हवे? भारतात पुढे कित्येक वर्षे उतारू विमानाच्या शिडीपाशी आपली बॅग बोटाने दाखवत. न ओळखलेली बॅग मागे राही. आता हे काम पट्ट्यांच्या सांकेतिक चिठ्ठ्या करतात.

मग यंत्रे नकोत काय? तसे नाही. स्वतः मरायला तयार असलेला माणूस बॅगेसोबतच चढेल. तिथे मेळ घालून भागत नाही. मात्र यंत्राचाही हिशोब मांडावा लागतो. समजा, १ लाख बॅगांत एकच घातक आहे आणि यंत्र निर्दोष बॅगांपैकी शेकडा एकीवर चुकून गजर करते. म्हणजे सुमारे १००० निर्दोष बॅगा उघडाव्या लागतील. सततच्या खोट्या गजरांनी तपासनीसही ढिला पडतो.

उलट, निरुपयोगी पायरी गाळल्याने सुरक्षा कमी होतेच असे नाही. हातातल्या बॅगेच्या चिठ्ठीवर शिक्का मारण्याची पद्धत १ एप्रिल २०१७ पासून मुंबईसह ७ विमानतळांवर बंद झाली; देखरेखीसाठी कॅमेरे होतेच.

वर्गात हे गणित विद्यार्थ्यांकडून करून घ्या. चुकीचे प्रमाण हजारी एक धरले, तर किती बॅगा उघडाव्या लागतील? आणि शेवटी विचारा: कोणती तपासणी नेमका कोणता धोका पकडते? खर्चाचा प्रश्न त्यानंतरचा.