नकटं रिव्हॉल्व्हर आणि मुलूखमैदान

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, असं आपण म्हणतो. नकट्या रिव्हॉल्व्हरच्या परवान्याला त्याहून कमी नसावीत. दोन-तीन इंची नळीचं, खिशात किंवा पर्समध्ये मावणारं हे हत्यार. इंग्रजांनीही त्याचं नाव बसक्या नाकावरूनच ठेवलं आहे, म्हणून 'नकटं' हा शब्द मी बेधडक वापरतो. धाराशिव जिल्ह्यात कुणाला ते हवं असेल तर अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, चौकशी पोलिसांकडे, आणि जिवाला धोका आहे हे पटवून देण्याचं काम स्वतःकडे. हे सगळं पार पडलं की दुकानदार विचारतो, "कुठला बोअर?"

विचारतो खरा, पण उत्तर बहुधा ठरलेलं असतं. अमेरिकेत या एका प्रश्नावर माणसं तावातावाने भांडतात: .३८ बरं की .३५७, हलक्या हत्याराला कुठलं सोसेल वगैरे. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम हा वाद आधीच मिटवून टाकतात. लष्कर आणि पोलिसांची काडतुसं ज्यांत बसतात ती मापं, म्हणजे .३८, .४५५, ९ मिलिमीटर, .३०३, सामान्य नागरिकाला बंद. त्यांना 'प्रतिबंधित बोअर' म्हणतात. रिव्हॉल्व्हर घेणाऱ्याच्या वाट्याला मुख्यतः .३२ उरतं. बोलीत त्याचं 'बत्तीस बोअर' होतं, आणि तेच नाव सगळीकडे चालतं.

आता या 'बोअर' शब्दाची गंमत बघा. आमच्या दुष्काळी भागात बोअर म्हटलं की आधी पाणी आठवतं. "औंदा दोन बोअर घेतले, दोन्ही कोरडे" हे वाक्य भूम-परंड्यापासून उमरग्यापर्यंत कुठेही ऐकू येईल. शब्द मात्र एकच. इंग्रजीत त्याचा अर्थ भोक पाडणं, मग ते जमिनीत असो की पोलादाच्या कांबीत. विंधन विहिरीचं भोक साडेसहा इंची, रिव्हॉल्व्हरचं पाव इंचाहून थोडं मोठं.

'कॅलिबर' मात्र आपण बंदुकीसाठी फारसा वापरतच नाही. तो माणसांसाठी राखून ठेवला आहे. "त्याचं तेवढं कॅलिबरच नाही" हे वाक्य निवडणुकीच्या दिवसांत पारावर हमखास ऐकायला मिळतं. शस्त्राचं माप माणसाला लावायची ही खोड मुळात युरोपातली. तिथे शब्दाला 'योग्यता' हा अर्थ सोळाव्या शतकातच चिकटला होता. त्याआधीचा प्रवास मात्र जास्त मजेचा आहे.

फ्रेंचांनी हा शब्द इटालियनांकडून घेतला आणि इटालियनांनी, बहुतेक कोशकारांच्या मते, अरबीतून. अरबीत 'क़ालिब' म्हणजे साचा, ओतकाम करायची मूस. हा क़ालिब आपल्याला परका नाही. 'एक जान दो क़ालिब' ही म्हण आपल्याकडच्या दखनी बोलणाऱ्यांना माहीत असते. तिथे क़ालिब म्हणजे शरीर, जिवाचा साचा. अरबीच्या मागे फारसी 'कालबुद' उभा आहे आणि त्याच्याही मागे ग्रीक 'कालापूस'. कालोन म्हणजे लाकूड, पूस म्हणजे पाय. आपला 'पद' आणि हा 'पूस' एकाच मूळ घराण्यातले. म्हणजे लाकडी पाऊल! जोडे शिवणारा ज्यावर चामडं ताणून ठोकतो तो ठोकळा. हिंदी-उर्दूत त्याला आजही कालबूत म्हणतात. तेव्हा ज्या शब्दाने आपण पुढाऱ्याची उंची मोजतो, तो मुळात जोड्याचं माप आहे. मला ही व्युत्पत्ती फार आवडते, आणि ती केवळ गमतीची आहे म्हणून नव्हे. जोडा पायावरून ठरत नाही, ठोकळ्यावरून ठरतो. बत्तीस बोअरचंही तेच झालं आहे: माप घेणाऱ्यावरून नव्हे, कायद्यावरून ठरलं.

काही जुने विद्वान हा शब्द लॅटिन 'क्वा लिब्रा', म्हणजे 'किती वजनाचा', यावरून आला असं सांगत. ते आता कुणी फारसं मानत नाही. पण चूक समजण्यासारखी आहे, कारण तोफा-बंदुकांची मापं खरोखरच वजनात मोजली जात. इंग्रजांची 'अठरा पौंडी' तोफ म्हणजे अठरा पौंडांचा गोळा फेकणारी. शेतावर राखणीला असते ती 'बारा बोअर' बंदूकही त्याच हिशेबातली. एका पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. म्हणूनच सोळा बोअरची नळी बारापेक्षा बारीक असते. आकडा वाढला की भोक लहान. 'बत्तीस बोअर' हा शब्दप्रयोग या हिशेबाने साफ चुकीचा आहे. तिथला बत्तीस हा इंचाचा शंभरावा हिस्सा मोजतो, म्हणजे ०.३२ इंच. पण लोकांनी दोन वेगळ्या मोजपट्ट्या एका शब्दाला बांधल्या, आणि त्यातून कुणाचं अडलं नाही.

इंचाचे आकडेही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. .३८ ची गोळी प्रत्यक्षात .३५७ इंचांची असते. जुन्या काळी गोळी काडतुसाच्या नळकांड्याइतकीच जाड असे. पुढे ती नळकांड्याच्या आत बसवू लागले, तशी बारीक झाली, पण नाव जुन्या जाडीचंच राहिलं. बत्तीसची गोळीही .३१ च्या जरा वरच भरते. ज्या आकड्यांवरून माणसं हमरीतुमरीवर येतात ते असे नावापुरते आकडे आहेत.

त्या गोळीचं वजन मोजतात 'ग्रेन'मध्ये, म्हणजे धान्याच्या दाण्यांत. आपण सोनं गुंजांनी मोजत होतो तसंच. बत्तीसची नेहमीची शिशाची गोळी ९८ ग्रेनची, म्हणजे साधारण सव्वासहा ग्रॅम, अर्ध्या तोळ्याच्या थोडी वर. तिचं काडतूस पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होतं; हा कारखाना १८६९ पासूनचा. 'काडतूस' हा आपल्या तोंडात मुरलेला शब्दही युरोपचाच. त्याच्या मुळाशी इटालियन 'कार्ता', म्हणजे कागद. दारू आणि गोळी एकेकाळी कागदाच्या पुडीत बांधलेली असे. १८५७ साली शिपायांनी जी दातांनी फोडायला नकार दिला, ती हीच पुडी. पुडी पितळेची झाली तरी नाव कागदाचंच आहे.

बंदुकीच्या बाकी अवयवांना मात्र आपण आपले शब्द दिले, आणि त्यात जनावरंही आणली. ज्याचा ठोका काडतुसावर पडतो तो आपल्याकडे घोडा. फ्रेंचांकडे तोच कुत्रा, इंग्रजांकडे कोंबडा. स्पॅनिशमध्ये बोटाने ओढायची कळ म्हणजे मांजराचं पिल्लू. मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत तर सगळं पिस्तूलच घोडा झालं. काही नकट्या रिव्हॉल्व्हरांत हा घोडा आत झाकून टाकतात, खिशातून काढताना कपड्यात अडकू नये म्हणून. आणि 'बार' तर इतका आपला झाला की त्याचं बंदुकीशी नातं विसरायला झालं. फारसीत बार म्हणजे ओझं, भार. बंदुकीत भरायची दारू ती बार. मग तंबाखू-चुना मळून गालात ठेवला तो बार, लेकीचं लग्न उरकलं की बार उडाला, आणि गाजावाजा करून काहीच झालं नाही तर फुसका बार. लग्नाचा बार बंदुकीने उडवणाऱ्यांसाठी मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही.

मापाचीच गोष्ट निघाली आहे तर परंड्याला गेल्याशिवाय ती पुरी होत नाही. १५४९ साली अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी या ओतकाम करणाऱ्या उस्तादाने निजामशाहीसाठी एक तोफ ओतली. ती पुढे परंड्याच्या किल्ल्यावर होती. १६३२ मध्ये आदिलशाहीने ती विजापूरला नेली. तिचं तोंड सुमारे २८ इंची. साडेसहा इंची चार बोअर त्यात शेजारी शेजारी मावतील. नाव 'मलिक-ए-मैदान', रणांगणाचा धनी. मराठी जिभेने त्या मलिकाचा 'मुलूख' केला, आणि 'मुलूखमैदान तोफ' ही पदवी सभा गाजवणाऱ्या वक्त्यांना बहाल करून टाकली. मालकाचा मुलूख झाला हे व्याकरणाला धरून नाही, पण मैदानाशेजारी मुलूखच शोभतो. लोकांचे कान या बाबतीत कोशापेक्षा चांगले असतात. आणि बघा, कॅलिबर काय किंवा मुलूखमैदान काय, तोफखान्यातले दोन्ही शब्द शेवटी पुढाऱ्यांच्याच अंगावर गेले.

नकट्या रिव्हॉल्व्हरला आपल्याकडे असं लोकांनी घडवलेलं नाव अजून मिळालेलं नाही. सरकारने एक दिलं. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध कारखान्याने बायकांसाठी म्हणून हलकं रिव्हॉल्व्हर आणलं: टायटॅनियमचं मिश्रण, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, सहा काडतुसं, माप अर्थातच .३२. तेव्हाची किंमत सुमारे सव्वा लाख. नाव ठेवलं 'निर्भीक', दिल्लीत २०१२ मध्ये अत्याचाराला बळी पडलेल्या 'निर्भया'च्या स्मरणार्थ. शब्द हिंदीच्या वळणाचा. मराठीत आपण निर्भय म्हणतो किंवा निर्भीड, आणि निर्भीडमधली 'भीड' वेगळी, ती संकोचाची. तेव्हा पुष्कळांनी टीका केली की बत्तीस फार दुबळं. मला ती अर्धीच पटते. हत्यार जितकं हलकं तितकी त्याची लाथ जोराची. अर्ध्या किलोच्या रिव्हॉल्व्हरमधून मोठं काडतूस उडवलं तर पहिल्या बाराला मनगट उचकटतं आणि दुसरा नेमका लागत नाही. अशा हत्याराला बत्तीस वाईट नाही. खरी अडचण त्या सव्वा लाखाची होती. जिला रात्री एकटीने कामावरून परतायचं असतं, तिच्याकडे तेवढे पैसे नसतात.

आता वाचकांना एक विनंती. जोड्याच्या लाकडी ठोकळ्याला मराठी कारागीर बहुतेक ठिकाणी 'फर्मा' म्हणतात. पण आपला जिल्हा शतकानुशतकं दखनीच्या शेजारात राहिला आहे. धाराशिव, नळदुर्ग, परंडा, मुरूम या बाजूला कुणा जुन्या कारागिराच्या तोंडी 'कालबूत' किंवा त्याच्या जवळचा शब्द अजून असेल, तर तो कसा उच्चारतात ते जरूर लिहून कळवा.