वऱ्हाडचे गडी आणि बर्लिनचा प्रेक्षक

अमरावतीत जुन्या खेळाडूंचा विषय निघाला की बोलणे फिरून फिरून १९३६ च्या बर्लिनपाशी येते. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू त्या वर्षी ऑलिंपिकच्या निमित्ताने जर्मनीला गेला, तेथे त्याने हुतुतू, मल्लखांब आदी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली आणि प्रत्यक्ष हिटलरने त्याची पाठ थोपटली, अशी ही गोष्ट सांगितली जाते. सांगणारा सत्तरीचा असो वा विशीतला, गोष्टीचा क्रम सहसा बदलत नाही. आधी बर्लिन, मग हिटलर, मग 'आपली पोरं'. या पोरांत चढाईला कोण होते, मल्लखांबावर कोण चढले, असे विचारले म्हणजे मात्र सांगणाऱ्याचा ओघ थांबतो. ती नावे लोकांच्या तोंडी नाहीत. हिटलरचे नाव आहे.

आम्ही मराठी शिकविणारी माणसे आहोत. क्रीडा इतिहास हा आमचा प्रांत नव्हे. तरीही कथन हा आमच्या रोजच्या कामाचा भाग असल्यामुळे या गोष्टीची घडण आम्हाला अस्वस्थ करते. ज्या आठवणीत प्रेक्षकाचे नाव उरते आणि खेळाडूचे गळून जाते, ती आठवण नेमकी कोणाची म्हणावी?

मंडळाची हकिकत थोडक्यात सांगायची तर अशी: अंबादासपंत वैद्य आणि त्यांचे बंधू अनंतराव यांनी १९१४ मध्ये अमरावतीत एक आखाडा सुरू केला. त्याचेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. आजचे विद्यार्थी त्याला 'एचव्हीपीएम' म्हणतात. व्यायामाच्या आवरणाखाली राजकीय जागृतीची कामे चालण्याचा तो काळ होता. हुतात्मा राजगुरूंनी याच आखाड्यात काही काळ शिक्षण घेतल्याचे सांगितले जाते, आणि अमरावतीकरांच्या आठवणीत तेही नाव बर्लिनच्या बरोबरीने येते. एकाच संस्थेच्या स्मरणात फासावर गेलेला क्रांतिकारक आणि जर्मनीचा हुकूमशहा असे शेजारी शेजारी बसलेले आहेत, आणि याची कोणाला फारशी अडचण वाटत नाही.

आता बर्लिनकडे वळू. 'कबड्डी १९३६ साली ऑलिंपिकमध्ये खेळली गेली' असे वाक्य आज सर्वत्र छापलेले आढळते. ते जरा सैल आहे. त्या ऑलिंपिकच्या अधिकृत यादीत प्रात्यक्षिक खेळ म्हणून दोनच नावे आहेत: बेसबॉल आणि ग्लायडिंग. अमरावतीच्या चमूचे प्रात्यक्षिक या यादीबाहेरचे होते. ऑलिंपिकला जोडून बर्लिनमध्ये देशोदेशींच्या शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांचे शिबिर भरले होते आणि अनेक प्रकारचे व्यायाम-दर्शनाचे कार्यक्रमही झाले होते. देशी खेळांच्या प्रात्यक्षिकांची जागा त्या वातावरणात होती. यामुळे त्या मुलांच्या कर्तृत्वाला बाध येत नाही. समुद्र ओलांडून परक्या मुलखात जायचे, आणि ज्या खेळाचे नियमही तेथे कोणाला ठाऊक नाहीत तो खेळ त्यांना पटवून द्यायचा, हे पदक जिंकण्याहून सोपे आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु 'ऑलिंपिकमध्ये' आणि 'ऑलिंपिकच्या निमित्ताने' यांत जे अंतर आहे, ते इतिहास लिहिताना पुसता येत नाही.

शिवाय ही मुले कोणत्या देशाची म्हणून गेली, हाही प्रश्न आहेच. १९३६ चा वऱ्हाड म्हणजे एक विलक्षण प्रकरण होते. मुलूख कागदोपत्री निजामाचा, १९०२ च्या कराराने इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने दिलेला आणि कारभाराला मध्यप्रांताशी जोडलेला. ऑलिंपिक ऑगस्टमध्ये झाले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात इंग्रज सरकार आणि निजाम यांच्यात नवा करार झाला आणि निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. अमरावती-अकोल्याच्या माणसाला आपला राजा कोण, हे एका वाक्यात सांगता येऊ नये अशी ती स्थिती होती. तिकडे बर्लिनमध्ये भारताचा हॉकी संघ १५ ऑगस्टला जर्मनीविरुद्ध अंतिम सामना खेळण्यापूर्वी खोलीत गुपचूप काँग्रेसच्या तिरंग्याला वंदन करीत होता. मैदानावर झेंडा दुसराच होता. आपल्या मुलखातली मुलेही याच बर्लिनमध्ये होती, ही जाणीव बर्लिनच्या गोष्टीत एरवी कुठेच उतरत नाही.

त्या सामन्याचा निकाल आठ विरुद्ध एक. आणि येथेही लोकस्मृतीने तेच केले. ध्यानचंदांचा खेळ पाहून हिटलरने त्यांना जर्मन सैन्यात मोठा हुद्दा देऊ केला आणि ध्यानचंदांनी तो बाणेदारपणे नाकारला, ही आख्यायिका शाळकरी पोरालाही पाठ असते. ध्यानचंदांचे 'गोल' हे आत्मचरित्र १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात हा प्रसंग नाही. खुद्द ज्याच्यावर तो घडला म्हणतात त्याने तो सांगितलेला नाही, तरी तो टिकला. दोन्ही आठवणींचा साचा एकच. आपला माणूस मोठा होता हे सिद्ध करण्यासाठी परक्या बलवान माणसाची साक्ष काढायची. पराधीन समाजाला ही साक्ष का हवीशी वाटली, हे आम्ही समजू शकतो. पण साक्षीदार कोण निवडला तेही पाहिले पाहिजे. ग्रेटेल बर्गमान ही उंच उडीची जर्मन खेळाडू केवळ ज्यू असल्यामुळे याच ऑलिंपिकच्या संघातून वगळली गेली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत गार्मिश-पार्टनकिर्खेन येथे हिवाळी ऑलिंपिक झाले, तेव्हा बर्फावरच्या हॉकीत रूडी बाल या ज्यू वंशाच्या खेळाडूला जर्मनीने संघात घेतले. जगाला दाखवायला तो हवा होता. खेळाडूंचा असा हिशेब मांडणाऱ्या राजवटीची शाबासकी आम्ही नव्वद वर्षे जपून ठेवावी, हे आम्हाला रुचत नाही.

याच्या उलट टोकाची एक आठवण पश्चिम महाराष्ट्रात आहे. खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कुस्तीतले कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत दीडशेच्या वर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि एरवी काही मिनिटांच्या वाटेला कित्येक तास लागले, ही हकिकत त्या भागात आजही सांगतात. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, हेही सांगतात. या आठवणीत हिटलर नाही. गावकरी आहेत, प्राचार्य आहेत, बैल आहेत. लोक स्वतःलाच आठवतात म्हणा ना! पण त्या आठवणीच्या मध्यभागी खाशाबांचे नाव ठामपणे उभे आहे. सरकारदरबारी त्यांची उपेक्षा झाली, अर्जुन पुरस्कारही मरणोत्तरच मिळाला, आणि तरी ते विसरले गेले नाहीत. कारण पाहणारे आणि सांगणारे एकाच मातीतले होते.

अमरावतीच्या चमूचे दुर्दैव असे की त्यांचा तो खेळ त्यांच्या लोकांनी पाहिलाच नाही. पाहणारे जर्मन होते. इकडे आली ती बातमी, आणि बातमीत मोठे नाव पुढे असते.

गावातल्या गावात खेळलेल्या गड्याची आठवण कशी राहते, ते आमच्या विद्यार्थ्यांकडून आणि त्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आम्ही ऐकत आलो आहोत. दर्यापूर-अंजनगावकडचा म्हातारा हुतुतूच्या गड्याविषयी बोलू लागला की आधी हंगाम सांगतो: पऱ्हाटीचा पहिला वेचा झाला होता, की पोळा तोंडावर होता. मग कोणत्या गावाविरुद्ध होते ते, आणि त्या गावाशी जुने वाकडे काय होते तेही. मग गड्याचे खाणे; हे प्रकरण लांबते. 'एका बैठकीत' या शब्दांनंतर भाकरींचा जो आकडा येतो तो दर सांगण्यात वाढत गेलेला असतो. मग दम. आणि शेवटी, 'आता तसे गडी कुठी रायले?' प्रत्यक्ष चढाईचे वर्णन यात सर्वांत थोडे असते. तो हात कसा टाकीत असे, पाय कसा काढून घेत असे, यासाठी म्हातारा शब्द वापरीत नाही; बाजेवर बसल्या बसल्या खांदा हलवून दाखवितो. आमच्या वहीत तो खांदा उतरत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला ही अडचण नवी नाही. अमरावतीचे सुरेश भट आठवायचे तर त्यांची गझल हाताशी असते. मैफल सरली तरी संहिता उरली. खेळाडूची संहिता नसते. या बाबतीत तो कीर्तनकाराच्या जवळचा. पण कीर्तनकारालाही लेखक भेटतो. याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांचे उदाहरण घ्या. बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारीत, उत्तर काढून घेत आणि त्यावर पुढचा प्रश्न उभा करीत. तो सगळा उभ्या उभ्या घडणारा खेळच होता, हवेत विरून जाण्याजोगा. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी बाबांचे चरित्र लिहिले. परतवाड्यात जन्मलेल्या आणि तरुणपणी बाबांबरोबर हिंडलेल्या गो. नी. दांडेकरांनीही लिहिले. त्यामुळे बाबांना न पाहिलेल्या आमच्या पिढीलाही त्यांचे बोलणे ऐकू येते. वऱ्हाडातल्या गड्यांना असा प्रबोधनकार किंवा असा गोनीदा मिळाला नाही. खुद्द मराठी क्रीडालेखनाची घडीच उशिरा बसली. वि. वि. करमरकरांनी वृत्तपत्रात खेळाला मानाचे पान मिळवून दिले आणि बाळ ज. पंडितांनी मराठीतून क्रिकेटचे समालोचन रुजविले, तोवर १९३६ ची मुले प्रौढ होऊन गेली होती.

मग काय हाती लागते? आमच्या मते, शब्द. द. चिं. मुजुमदारांनी बडोद्याहून संपादित केलेला दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' याच १९३६ च्या सुमारास प्रसिद्ध होऊ लागला. मराठीच्या विद्यार्थ्याने तो एकदा तरी चाळावा. व्यायामासाठी नसेल तर कोशरचनेसाठी. मल्लखांबाची परिभाषाच पाहा: अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, फरारा, ताजवा, सलामी. यांतला एकही शब्द वरून लादलेला नाही. प्रत्येकात शरीराची एक हालचाल बांधलेली आहे. 'सुईदोरा' म्हटले की दोन हातांच्या फटीतून दोऱ्यासारखे ओवले जाणारे अंग दिसते. 'वेल' म्हटले की लाकडाला वेढे घालीत वर चढणारा पोरगा दिसतो. एरंडेल चोपडलेल्या गुळगुळीत खांबावर बर्लिनमध्ये जो कोणी चढला असेल, त्याने याच नावांच्या हालचाली केल्या असणार. त्याचे नाव ओठांवर नसले तरी त्याच्या अंगाची भाषा आपल्या भाषेत आहे, आणि हिटलरच्या शाबासकीपेक्षा ती कितीतरी अधिक अस्सल साक्ष आहे. आम्ही वर्गात म्हणी आणि वाक्प्रचार शिकवितो. मल्लखांबाची ही नामावळी कोणी शिकवीत नाही.

आजच्या खेळाडूची स्थिती वेगळी आहे. विदर्भाने २०१७-१८ मध्ये प्रथमच रणजी करंडक जिंकला. इंदूरच्या त्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने हॅट्‌ट्रिक घेतली, आणि अकोल्याचा आदित्य ठाकरे त्याच सामन्यात पहिला प्रथमश्रेणी सामना खेळला. त्याने टाकलेले प्रत्येक षटक नोंदलेले आहे. शंभर वर्षांनीही कोणाला ते काढून पाहता येईल. अकोल्याच्या चहाच्या टपरीवर त्या विजयाच्या आठवणी निघतात तेव्हा वाद होतो, आणि कोणीतरी खिशातून फोन काढून तो मिटवितो. भाकरींचा आकडा वाढायला आता वाव नाही. हे चांगले झाले, असेच म्हटले पाहिजे. तरी त्या वाढत्या आकड्यातही सांगणाऱ्याचे एक प्रेम होते, हे नोंदविल्यावाचून राहवत नाही.

हुतुतूचे नावही दरम्यान मागे पडले. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत खेळाला स्थान मिळाले ते 'कबड्डी' म्हणून, आणि २०१४ पासून प्रो कबड्डी लीगने तेच नाव घरोघर नेले. दूरचित्रवाणीवर 'रेडर' आणि 'टॅकल' हे शब्द ऐकून मोठी झालेली मुले आज आमच्या वर्गांत आहेत. त्यांच्या आजोबांना 'रेडर' कळत नाही असे नाही. पण समोरचा सगळा संघ बाद होऊन गुण चढले की ते अजून 'लोण चढलं' असेच म्हणतात, आणि नातू खेळाविषयी दुसरे काही विचारील या आशेने त्याच्याकडे पाहतात.