चिकट सापळा: कीड मोजण्याचे साधन

चिकट सापळा म्हणजे न वाळणाऱ्या गोंदाचा थर दिलेला पुठ्ठा. त्याने इमारतीतली कीड संपत नाही. ती कुठे आणि किती आहे, हे कळते. झुरळे भिंतीच्या कडेने फिरतात. म्हणून सापळे खोलीच्या मध्यभागी न ठेवता सिंकखाली, फ्रिजमागे, भिंतीला टेकवून ठेवतात. प्रत्येकावर क्रमांक व तारीख लिहून दर आठवड्याला कीटक मोजतात. एखाद्या सापळ्यात बिनपंखी पिल्ले जास्त सापडली, तर झुरळांची वस्ती जवळच असते. मग स्वयंपाकघरभर विषारी फवारणी करण्याऐवजी तिथेच जेल लावता येते, गळती थांबवता येते, फटी बुजवता येतात. त्यानंतरही मोजणी चालू ठेवावी. आकडा घटला नाही, तर उपाय बदलावा. धूळ बसलेला सापळा मात्र चिकटत नाही. तो रिकामा दिसला, म्हणून कीड गेली असे समजू नये.